गुडघ्याला जेल लावताना: बाम नव्हे, औषध

सोयाबीनची काढणी उरकली असेल, हरभऱ्याची पेरणी झाली असेल. कपाशीवाल्यांची वेचणी मात्र अजून चालूच असणार. कामाच्या घाईत जे दुखणं कळत नाही, ते हात जरा मोकळा झाला की बोलायला लागतं. रात्री अंथरुणावर पाठ टेकली की गुडघा ठणकतो, खांदा भरून येतो, बोटं आखडतात. मग आपण फडताळातली ट्यूब काढतो, बोटावर घेतो आणि चोळतो. आज आम्ही त्या ट्यूबबद्दलच बोलणार आहोत.

हा विषय आम्हाला एका बैठकीत सापडला. बचतीची बैठक होती. आमच्या गटातल्या एक काकू नेहमी सतरंजीवर पुढे बसतात. त्या दिवशी दारापाशी खुर्ची घेऊन बसल्या. विचारलं तर आधी सांगेनात. मग लुगडं जरा वर करून गुडघा दाखवला. कातडी लालभडक, वर पाण्याचे फोड. झालं असं, की आदल्या रात्री त्यांनी गुडघ्याला जेल चांगलं रगडून लावलं, वर एरंडाचं पान बांधलं आणि त्यावर तव्यावर तापवलेल्या मिठाची पुरचुंडी ठेवून झोपी गेल्या. तिन्ही गोष्टी त्यांनी भल्यासाठीच केल्या होत्या. तिन्ही एकत्र केल्या, तिथं चुकलं. पुढचे आठ-दहा दिवस गुडघा राहिला बाजूला आणि भाजलेल्या कातडीवर मलमपट्टी चालू. मजुरी बुडाली ती वेगळीच.

मग आम्ही बैठकीत विचारलं, "अशी ट्यूब कोणाकोणाच्या घरात आहे?" जवळजवळ सगळे हात वर झाले. पुन्हा विचारलं, "तिच्यावर काय लिहिलंय ते कोणी वाचलंय?" एकही हात वर नाही. आमचासुद्धा नाही. म्हणून आम्ही माहिती गोळा केली, डॉक्टरांना विचारलं, आणि ती आज तुमच्यासमोर ठेवत आहोत.

ट्यूबमध्ये असतं काय?

दुखण्यावर लावायच्या ट्यूब दिसायला सारख्या असतात, पण आतला माल एकसारखा नसतो. त्यांचे ढोबळ दोन प्रकार करता येतात.

पहिला प्रकार बामासारखा. त्यात मेन्थॉल म्हणजे पुदिन्याच्या जातीचा थंडावा देणारा पदार्थ, मिथाइल सॅलिसिलेट नावाचा उग्र वासाचा पदार्थ, निलगिरीचं तेल असं काही असतं. लावलं की कातडीला थंड किंवा गरम लागतं. त्या जाणिवेत दुखण्याकडचं लक्ष कमी होतं आणि थोडा वेळ बरं वाटतं.

दुसऱ्या प्रकारात सूज उतरवणारं खरं औषध असतं. आपल्याकडे सर्रास मिळतं ते डायक्लोफेनॅक. नाव ओळखीचं वाटलं ना? पेनकिलर म्हणून ज्या गोळ्या आणि इंजेक्शनं दिली जातात, त्यातलंच हे औषध. सांधा किंवा स्नायू दुखावला की शरीर तिथं प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार करतं. त्यांच्यामुळे सूज येते, जागा गरम होते, हात लावला तरी कळ येते. डायक्लोफेनॅक ही द्रव्यं तयार होणं कमी करतं. म्हणून सूज आणि ठणका दोन्ही उतरतात.

आपल्या बाजारातल्या बऱ्याच ट्यूबमध्ये या दोन्ही प्रकारांची मिसळ असते. ट्यूबच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं: डायक्लोफेनॅक डायएथिलअमाईन १.१६ टक्के, मिथाइल सॅलिसिलेट १० टक्के, मेन्थॉल ५ टक्के, जवसाचं तेल ३ टक्के. अक्षरं इंग्रजी असतात, तेव्हा शाळेत जाणाऱ्या लेकीला किंवा नातवाला वाचायला बसवा. नावं वेगळी आणि किंमती वेगळ्या असल्या तरी मागचे घटक तेच असतील, तर औषध तेच आहे. जन औषधी केंद्रात किंवा सरकारी दवाखान्यात मिळालं, तर खर्चही वाचतो.

इथं एक गोष्ट लक्षात ठेवायची. जेल लावल्याबरोबर जो गारवा लागतो तो मेन्थॉलचा. डायक्लोफेनॅकचं काम हळूहळू चालतं. जुन्या गुडघेदुखीत पूर्ण फरक कळायला सात दिवसही लागू शकतात. "गार लागलं नाही, म्हणजे औषध लागलं नाही" असं समजून अर्ध्या तासानं पुन्हा चोळू नका.

गोळीपेक्षा जेल का बरं?

गोळी घेतली की औषध पोटातून रक्तात जातं आणि सगळ्या अंगभर फिरतं. दुखतो गुडघा, पण औषध जठराला, मूत्रपिंडाला, हृदयालाही भेटून येतं. जेल लावलं की औषध कातडीतून खालच्या सांध्यात उतरतं आणि रक्तात फार थोडं जातं. मापानं लावलं, तर गोळीच्या मानानं साधारण सहा टक्केच. म्हणूनच इंग्लंडच्या २०२२ सालच्या वैद्यकीय मार्गदर्शिकेत गुडघ्याच्या झिजेसाठी आधी लावायचं औषध द्या असं सांगितलं आहे. अमेरिकेतल्या सांध्यांच्या डॉक्टरांनीही २०१९ साली तेच सांगितलं.

आपल्या भागात याचं महत्त्व जास्त आहे. आमच्या ओळखीच्या कितीतरी जणी, विशेषतः ऊसतोडीला जाणाऱ्या, दुकानातून पेनकिलरच्या गोळ्या घेऊन रोज एक-दोन खातात. उपाशीपोटी, भर उन्हात, आडोसा नाही म्हणून पाणीही कमी पिऊन. अंगात पाणी कमी असताना या गोळ्यांचा मूत्रपिंडावर फार ताण पडतो. पोटात अल्सर होऊन आतल्या आत रक्तही जाऊ शकतं. ज्या दुखण्याचं काम जेलनं भागतं, तिथं गोळीची सवय नको.

पण खोटी आशाही नको. जेलनं सगळ्यांनाच सारखा गुण येत नाही. ताजी लचक, मुरगळा, मुका मार यात गुण चांगला येतो. या औषधाच्या एका जातीच्या जेलवर झालेल्या चाचण्यांत दहातल्या सात-आठ जणांना आठवड्याभरात चांगला उतार पडला. झिजलेल्या गुडघ्याचं तसं नाही. दीड-दोन महिने जेल लावणाऱ्या दहांपैकी सुमारे सहा जणांना चांगला आराम पडला, आणि औषध नसलेलं नुसतं जेल लावणाऱ्या दहांपैकी पाच जणांनाही पडला. म्हणजे औषधाचा उपयोग आहे, पण हलक्या हातानं चोळणं, विसावा, सांध्याकडे लक्ष देणं यांचाही वाटा मोठा आहे. आणि झिजलेला सांधा जेलनं पुन्हा नवा होत नाही.

गुडघा, घोटा, मनगट, बोटं, कोपर हे सांधे कातडीच्या जवळ असतात, तिथं औषध पोचतं. कंबर, मणका, खुबा हे सांधे मांसाच्या जाड थराखाली असतात, तिथं जेलचा फारसा उपयोग होत नाही. कंबरेवर ट्यूब रिकामी करण्याआधी हे लक्षात घ्या.

किती लावायचं?

याचं उत्तर स्वतःच्या बोटात आहे. अंगठ्याशेजारचं बोट समोर धरा. बोटाच्या टोकापासून पहिल्या रेघेपर्यंतचं एक पेर. तेवढ्या लांबीची जेलची पट्टी पिळली, तर ते साधारण अर्धा ग्रॅम होतं. ट्यूबचं तोंड लहान-मोठं असेल तर थोडा फरक पडेल, पण अंदाजाला पुरेसं आहे.

नुसत्या डायक्लोफेनॅकच्या जेलचं माप असं: हाताचा सांधा, म्हणजे मनगट, कोपर, बोटं यांना एका वेळी सुमारे दोन ग्रॅम, म्हणजे चार पेरं. गुडघा किंवा घोटा असेल तर चार ग्रॅमपर्यंत, म्हणजे आठ पेरं. दिवसातून तीन ते चार वेळा. सगळ्या अंगाला मिळून दिवसाला ३२ ग्रॅमच्या वर जायचं नाही.

आता आपला हिशेब बघा. एका गुडघ्याला चार ग्रॅम, दिवसातून तीन वेळा, म्हणजे रोजचे बारा ग्रॅम. ३० ग्रॅमची ट्यूब अडीच दिवसांत संपते. आपण मात्र एक ट्यूब दोन गुडघे, कंबर आणि सासूबाईंचा खांदा यांच्यात महिनाभर पुरवतो. मग म्हणतो, "काही गुण नाही बाई या औषधात." गुण येणार कसा? ज्वारीला एक पाणी कमी पडलं तर कणीस भरत नाही, तसंच हे. परवडत नसेल तर सगळीकडे थोडं थोडं पुसण्यापेक्षा सगळ्यात जास्त दुखणारा एक सांधा निवडा. त्याला आठवडाभर नीट माप घेऊन लावा, आणि फरक पडतो का ते बघा.

मात्र वर सांगितलेल्या मिसळीच्या ट्यूबला हे माप लावू नका. तिच्यात मिथाइल सॅलिसिलेट असतं आणि तेही कातडीतून रक्तात जातं. ती ट्यूब पातळ थरात, ट्यूबवर लिहिलंय तेवढ्याच वेळा.

लावायचं कसं?

आधी जागा साध्या पाण्यानं धुऊन कोरडी करा. शेतातून आल्यावर घाम, धूळ, फवारणीचा अंश कातडीवर असतो, त्यावरच जेल चोळू नका. पट्टी पिळा, सांध्याच्या सगळ्या बाजूंना पसरा, हलक्या हातानं जिरेपर्यंत चोळा. पीठ मळल्यासारखा जोर नको. दहा मिनिटं उघडं राहू द्या, मग कपडा येऊ द्या. तासभर तरी ती जागा धुऊ नका.

हात धुवायचे की नाही? गुडघ्याला लावलं असेल तर लगेच साबणानं धुवा. तोच हात डोळ्याला लागला तर आग आग होते. तोच हात भाकरीच्या पिठात गेला तर औषध घरभराच्या पोटात जातं. बोटं दुखतात म्हणून बोटांनाच लावलं असेल, तर तासभर हात धुवायचे नाहीत. म्हणून हाताला लावायची वेळ रात्रीची. भाकरी झाल्या, भांडी झाली, लेकराला निजवलं, की मग. लावलेला हात लेकराच्या तोंडात जाणार नाही एवढं बघा.

चुलीचंही लक्षात ठेवा. काही जेलमध्ये पेट घेणारे घटक असतात. ओलं जेल अंगावर असताना चुलीपाशी बसू नका.

आणि ऊन. जेल लावलेल्या कातडीला ऊन जास्त बाधतं, पुरळ येऊ शकतं. आपल्या नांदेड-लातूरच्या वैशाखात तर बघायलाच नको. सकाळी लावून रानात जायचं असेल, तर ती जागा सैल सुती कपड्यानं झाकलेली असू द्या.

शेक, लेप आणि पट्टा

आपल्याकडे सांधेदुखीवर घरचे उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. निरगुडीच्या पाल्याचा शेक, एरंडाचं पान, हळदीचा लेप, तिळाच्या तेलाची मालीश. शेकानं आखडलेला सांधा मोकळा होतो, हा अनुभव आम्हालाही आहे. शेकाला आमची ना नाही. पण शेक आणि जेल एकावर एक नको.

जेल लावून वर गरम पिशवी, विटेचा तुकडा, मिठाची पुरचुंडी ठेवली, की कातडीतून औषध नको तितकं आत ओढलं जातं आणि कातडी भाजते. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं २०१२ साली असाच इशारा दिला होता. मेन्थॉल आणि मिथाइल सॅलिसिलेट असलेली दुखण्याची मलमं लावल्यावर काही जणांची कातडी भाजली, फोड आले, काहींना दवाखान्यात जावं लागलं. त्यांनी सांगितलं तेच आम्ही सांगतो: लावलेल्या जागेवर शेक देऊ नका, घट्ट पट्टा बांधू नका, जखमेवर लावू नका. प्लॅस्टिक गुंडाळणं, एरंडाचं पान घट्ट बांधणं, तेही त्यातच आलं.

करायचंच असेल तर वेळा वाटून घ्या. सकाळी शेक, रात्री जेल. शेकल्यावर कातडी पूर्ण निवली पाहिजे. तेल किंवा लेप असेल तर आधी धुऊन काढा. आणि खुरप्याचा कापा, सोयाबीनच्या धसकटाचा ओरखडा, फुटलेली टाच, खरूज-नायट्याची जागा असेल तिथं जेल लावायचंच नाही.

कोणी विचारल्याशिवाय लावू नये?

गरोदर बाईनं स्वतःच्या मनानं हे जेल लावू नये. शेवटच्या तीन महिन्यांत तर मुळीच नाही. या जातीच्या औषधांचा पोटातल्या बाळाच्या मूत्रपिंडावर आणि हृदयाजवळच्या रक्तवाहिनीवर परिणाम होऊ शकतो. अंगावर पाजणाऱ्या आईनं डॉक्टरांना विचारून लावावं, आणि छातीला तर कधीच नाही. लहान मुलांना लावू नका. खेळताना मुरगळलं, तर आधी दाखवा.

पेनकिलरच्या गोळीनं कधी अंगावर पित्त उठलं असेल, दम लागला असेल, तर त्या बाईला जेलही चालत नाही. दमा, पोटातला अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, हृदयाचा आजार, बीपीची गोळी चालू असेल, किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर आधी विचारायचं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत तर नक्कीच. "वरून तर लावायचंय, त्यात काय विचारायचं" असं म्हणू नका. थोडं का होईना, औषध रक्तात जातंच.

जेल आणि पेनकिलरची गोळी दोन्ही चालू ठेवणं ही नेहमी होणारी चूक. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक ही सगळी एकाच घराण्यातली औषधं. दोन्हीकडून घेतली की त्रास वाढतो. गोळी लागतच असेल तर पॅरासिटामॉल किती आणि किती दिवस घ्यायची, ते डॉक्टरांना विचारा.

जेल लावल्यावर खाज, पुरळ, आग झाली तर जागा धुऊन टाका आणि लावणं थांबवा. तोंड सुजलं, श्वास घ्यायला त्रास झाला तर वाट बघत बसू नका, १०८ ला फोन करा. ट्यूब लेकरांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. मिथाइल सॅलिसिलेट पोटात गेलं तर लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतं.

बैलाला लावू का?

हा प्रश्न आमच्याच एका ताईंनी विचारला. बैलाचा खांदा सुजला होता, घरात उरलेली ट्यूब होती. सगळ्या हसल्या, पण प्रश्न मोलाचा होता.

आपल्यातल्या म्हाताऱ्या बायांना आठवत असेल, पूर्वी गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं की आभाळातून गिधाडं उतरायची आणि बघता बघता सांगाडा उरायचा. १९९० नंतर ही गिधाडं भराभर नाहीशी झाली. देशातल्या काही जातींची शंभरातली नव्वदहून जास्त गेली. कारण २००४ साली उजेडात आलं. ढोरांना सूज-दुखीसाठी डायक्लोफेनॅक दिलं जायचं, ते ढोर मेलं की मांसात औषध राहायचं, ते मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं बंद पडायची. २००६ साली सरकारनं जनावरांसाठी हे औषध बंद केलं. तरीही माणसांसाठीच्या इंजेक्शनच्या मोठ्या बाटल्या ढोरांना वापरल्या जायच्या, म्हणून २०१५ साली ती बाटली तीन मिलीची, एका वेळेपुरती करण्यात आली.

म्हणून माणसाचं जेल, गोळी, इंजेक्शन ढोराला नाही. पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगा, ढोरासाठी वेगळी औषधं आहेत. आणि आपल्यासाठीही यात एक शिकवण आहे. गिधाडाला हे औषध फारच बाधतं, माणसाचं तसं नाही. पण मूत्रपिंडाशी याचं वाकडं आहे हे खरं. बामाच्या डबीसारखं ते हाताळायचं नाही.

दवाखाना कधी गाठायचा?

जेलच्या भरवशावर खरा आजार अंगावर काढला जातो, ही आमची मोठी काळजी. पुढची लक्षणं असतील तर जेल बाजूला ठेवा आणि दाखवा.

सांध्याबरोबर ताप आहे, किंवा एकच सांधा अचानक लाल, गरम आणि खूप सुजला आहे.

पावसाळ्यात ताप येऊन सगळे सांधे धरले आहेत. चिकुनगुनिया किंवा डेंग्यू असू शकतो. रक्त तपासेपर्यंत पॅरासिटामॉलशिवाय दुसरी पेनकिलर खाऊ नका. डेंग्यूत तिच्यामुळे रक्तस्राव होऊ शकतो.

सकाळी उठल्यावर दोन्ही हातांची बोटं अर्ध्या तासाहून जास्त वेळ आखडलेली राहतात, सुजतात, आणि हे आठवड्यांमागून आठवडे चालू आहे. हा आमवात असू शकतो. त्याची औषधं वेगळी आहेत, आणि ती वेळेवर सुरू झाली तरच बोटं वाकडी होण्यापासून वाचतात.

पडल्यावर पाय टेकवून चार पावलंही टाकता येत नाहीत, किंवा हाड वाकडं दिसतं.

कंबरेतून पायात कळ जाते, पाय बधिर होतो, लघवी-संडासवरचा ताबा सुटतो. यात एक दिवसही घालवू नका.

पायाची एकच पोटरी सुजून दुखते आहे, विशेषतः बाळंतपणानंतर. शिरेत रक्ताची गाठ असू शकते. ती चोळायची नाही, लगेच दवाखाना.

यातलं काही नसेल, तरी सात दिवस नीट लावून उतार नाही तर दाखवा. आणि बरं वाटतंय म्हणून तीन आठवड्यांहून जास्त दिवस रोज लावायचं असेल, तरी विचारून. आशाताईंना सांगा, उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तिथून पुढे पाठवलं तर ग्रामीण रुग्णालय आहे, नांदेडला विष्णुपुरीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय आयुर्विज्ञान संस्था आहे. जाताना घरातली ट्यूब आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या.

गुडघ्याला हवी ताकद

जेल दुखणं कमी करतं ते कशासाठी? हालचाल करता यावी म्हणून. त्या उसंतीत मांडीचे स्नायू बळकट केले तर गुडघ्यावरचा भार कमी होतो. बाजेवर किंवा खुर्चीवर बसा. एक पाय हळूहळू सरळ करा, पाच आकडे मोजेपर्यंत धरा, खाली घ्या. असं दहा वेळा, मग दुसरा पाय. सकाळ-संध्याकाळ करा. दोन-तीन महिने नेटानं केलं तर जिना चढताना फरक कळतो.

कामाची पद्धतही बघूया. खुरपताना तासन्‌तास उकिडवं बसण्यापेक्षा मधे मधे उठून चार पावलं टाका. लांब दांड्याचं कोळपं गटानं मिळून घेतलं तर उभ्यानं काम होतं. पाण्याची घागर, वैरणीचा भारा एकीनंच का उचलायचा? घरातल्या माणसांना सांगा. सांगताना लाजू नका. बाईचं दुखणं घरात शेवटी ऐकलं जातं, कारण बाई ते शेवटी सांगते.

आमच्या त्या काकूंचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. कातडी बरी झाल्यावर त्या आरोग्य केंद्रात गेल्या. गुडघ्याची झीज निघाली. आता त्या नुसत्या डायक्लोफेनॅकचं जेल डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसांपुरतं लावतात, पेरं मोजून. निरगुडीचा शेक सोडलेला नाही, पण तो सकाळी. बैठकीत अजून खुर्चीवरच बसतात, मात्र आता सगळ्यांच्या मधोमध. आणि कोणी ट्यूब काढली की आधी विचारतात, "वाचलीस का गं?"

तर मैत्रिणींनो, पुढच्या बचतीच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातली ट्यूब घेऊन यायची. वाचता येणाऱ्या पोरीला मधे बसवायचं आणि प्रत्येक ट्यूबवरच्या चार गोष्टी मोठ्यानं वाचून घ्यायच्या: आत काय आहे, मुदत कधी संपते, किती वेळा लावायचं, कोणी लावायचं नाही. मुदत संपलेल्या ट्यूब तिथंच बाजूला काढायच्या. अर्ध्या तासाचं काम आहे. एवढं केलंत तर आमचं आजचं बोलणं कामी आलं असं आम्ही समजू.

काळजी घ्या मैत्रिणींनो. राम राम.